ब्राउझरच्या आत दुसऱ्याचा हात

2005-06 च्या सुमारास भारतीय भाषांतली बरीच वर्तमानपत्रे इंटरनेटवर होती, पण ती आपापल्या खास फाँटवर चालत. सगळ्या लिप्यांसाठी एकच सांकेतिक पद्धत देणारे युनिकोड तयार होते, वापरात मात्र फारसे आलेले नव्हते. तो विशिष्ट फाँट आपल्या संगणकावर नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि प्रश्नचिन्हे यांच्या ओळीच्या ओळी दिसत. त्याच काळात फायरफॉक्स या ब्राउझरसाठी ‘पद्म’ नावाचे एक ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची पुरवणी, निघाले. तेलुगू, देवनागरी, गुजराती अशा अनेक लिप्यांतली ही खास फाँटवर बेतलेली पाने ते ओळखायचे, त्यांतल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ लावायचे आणि पान डोळ्यांपुढे येताना ते युनिकोडमध्ये बदलून टाकायचे.

इथे क्षणभर थांबून काय घडले ते पाहायला हवे. वर्तमानपत्राने आपल्या सर्व्हरवर काहीही बदलले नव्हते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेनेही ब्राउझरमध्ये काही बदलले नव्हते. दोघांशीही संबंध नसलेल्या तिसऱ्याच कुणीतरी एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि तो पान व वाचक यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पानातले अक्षर न् अक्षर बदलण्याची ताकद त्याच्याकडे होती. ती त्याने वाचकाच्या भल्यासाठी वापरली. पण ताकद तीच. वाईट हेतूच्या माणसाला त्याच जागी उभे राहून बँकेच्या पानावरचा खातेक्रमांकही बदलता आला असता.

ब्राउझरमधली ॲड-ऑनची सोय कशी असावी, हा प्रश्न गेली वीसेक वर्षे या एका जागेभोवती फिरतो आहे. तिथे कुणाला उभे राहू द्यायचे, किती काळ, आणि हात कुठवर पोचू द्यायचा? मोझिलाने या प्रश्नाशी जी झुंज दिली ती मला सॉफ्टवेअरच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी आणि सर्वांत वेदनादायक दुरुस्त्यांपैकी एक वाटते. तिची आखणी उघड्यावर झाली, म्हणून तिच्यातून शिकायलाही खूप मिळते.

सुरुवातीचा फायरफॉक्स आतून कसा होता हे समजले की पुढचे सगळे उलगडते. त्याची 1.0 ही आवृत्ती 9 नोव्हेंबर 2004 रोजी आली. तिच्यात एक विलक्षण गोष्ट होती. ब्राउझरची स्वतःची खिडकी, म्हणजे वरची बटणे, मेनू, टॅबची पट्टी, पत्ता लिहायची चौकट, हे सगळे वेबपानासारखेच रचलेले होते. झूल नावाच्या, एचटीएमएलच्या नात्यातल्या भाषेत त्याची मांडणी लिहिलेली असे आणि त्यामागची हालचाल जावास्क्रिप्टमध्ये. म्हणजे वेबपाने दाखवणारे यंत्र स्वतःच जवळजवळ वेबपान होते.

ॲड-ऑन त्यात शिरायचे ते असे. फायरफॉक्स सुरू होताना आपल्या खिडकीची मांडणी वाचायचा. ॲड-ऑनने सोबत मांडणीचा आपला एक तुकडा आणलेला असे. ‘या नावाच्या मेनूत माझी ही एक ओळ घाला’, ‘या बटणाशेजारी माझे बटण बसवा’ असे त्यात लिहिलेले. फायरफॉक्स दोन्ही मांडण्या एकात एक मिसळायचा आणि मगच खिडकी उघडायचा. त्यानंतर मूळचे कोणते आणि पाहुण्याचे कोणते, हा भेद उरतच नसे. ॲड-ऑनचे जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या जावास्क्रिप्टच्या शेजारी, त्याच हक्काने चाले. डिस्कवरची फाइल वाचायची आहे? वाचा. साठवलेले पासवर्ड हवेत? घ्या. फायरफॉक्सचे एखादे अंगभूत काम पुसून आपले बसवायचे आहे? तेही चालेल.

या मोकळेपणातून जे उगवले ते पाहून आजही थक्क व्हायला होते. 2005 मध्ये ॲरन बूडमन यांनी ग्रीझमंकी काढले. कोणत्याही संकेतस्थळावर आपली छोटी स्क्रिप्ट चालवून ते संकेतस्थळ आपल्या सोयीचे करून घ्यायची वाट त्याने सामान्य वापरकर्त्याला खुली केली. त्याच वर्षी जोर्जिओ माओने यांचे नोस्क्रिप्ट आले. तुम्ही परवानगी दिल्याखेरीज पानावरचे एकही जावास्क्रिप्ट चालू न देणारा हा पहारेकरी पुढे वापरकर्त्याची ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरचा कायमचा भाग झाला. 2006 मध्ये जो ह्युइट यांचे फायरबग आले आणि वेबपाने बांधणाऱ्यांचे आयुष्यच पालटले. पानावरच्या कुठल्याही भागावर बोट ठेवा, त्यामागचा कोड बघा, तिथेच बदला आणि परिणाम लगेच पाहा. आज प्रत्येक ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ म्हटले की जे उघडते, त्याचा नमुना फायरबगने घालून दिला. एका ॲड-ऑनने सगळ्या ब्राउझरना त्यांचे पुढचे रूप दाखवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

किंमत मात्र हळूहळू दिसू लागली. ॲड-ऑन ब्राउझरच्या आतल्या नसांना थेट धरून असल्यामुळे ब्राउझर थोडा बदलला तरी ते मोडे. म्हणून प्रत्येक ॲड-ऑनला आपण फायरफॉक्सच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चालू, हे आधीच लिहून द्यावे लागे. नवी आवृत्ती वर्ष-दीड वर्षाने येत होती तोवर हे चालून गेले. 2011 पासून मोझिलाने दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली, आणि दर सहा आठवड्यांनी लोकांची आवडती ॲड-ऑन बंद पडू लागली. जानेवारी 2012 च्या दहाव्या आवृत्तीत नियम उलटा केला गेला: उलट पुरावा मिळेपर्यंत ॲड-ऑन चालते असेच मानायचे. त्याआधी, नोव्हेंबर 2011 मध्ये आठव्या आवृत्तीने आणखी एक दार बंद केले होते. तोवर दुसरेच कुठले सॉफ्टवेअर घेताना त्याच्यासोबत टूलबार गुपचूप ब्राउझरमध्ये येऊन बसत. आता असे बाहेरून आलेले ॲड-ऑन वापरकर्त्याने स्वतः होकार देईपर्यंत निष्क्रिय राहू लागले.

त्या काळातली एक दुरुस्ती मला विशेष आवडते, कारण तिच्यातून ब्राउझरच्या पोटातले जग दिसते. लोकांची तक्रार असे की फायरफॉक्स मेमरी खातो, टॅब बंद केले तरी सोडत नाही. शोध घेतल्यावर कळले की अनेकदा दोष ॲड-ऑनचा असे. ॲड-ऑनने एखाद्या पानातली एखादी वस्तू, समजा एखादे बटण, आपल्या आठवणीत धरून ठेवलेली असे. तुम्ही टॅब बंद केला. पण जावास्क्रिप्टचा नियम असा की जोवर कुणीतरी एखाद्या वस्तूचा निर्देश धरून आहे तोवर ती वस्तू पुसायची नाही. बटण पुसायचे नाही म्हणून ते ज्या पानात आहे ते पान पुसायचे नाही, आणि पान पुसायचे नाही म्हणून त्यातली चित्रे, स्क्रिप्ट, सगळा पसारा जिवंत. दिवसभर वापरलेल्या ब्राउझरमध्ये अशी कित्येक बंद झालेली पाने मेमरीत तशीच राहत. मोझिलाच्या अभियंत्यांनी त्यांना झाँबी म्हटले. ऑगस्ट 2012 च्या पंधराव्या आवृत्तीत उपाय आला: पान बंद झाले की ॲड-ऑनच्या हातातले त्या पानाकडे जाणारे सगळे दुवे ब्राउझरनेच कापून टाकायचे. ॲड-ऑनच्या लेखकांना आपल्या कोडमधली एक ओळही बदलावी लागली नाही आणि त्यांच्या चुकांपैकी बहुतेकांचा परिणाम एका फटक्यात नाहीसा झाला. पाहुण्यांची चूक न काढता घरच्या बाजूने ती निस्तरण्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

पण अशा डागडुजीने मूळ अडचण हटणार नव्हती. सप्टेंबर 2008 मध्ये गूगलचा क्रोम हा ब्राउझर आला तोच वेगळ्या बांधणीने. त्यात पाने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालत. प्रोसेस म्हणजे संगणकाने आखून दिलेले स्वतंत्र कुंपण; एका प्रोसेसची मेमरी दुसरीला दिसत नाही. एक पान कोसळले तरी बाकीचा ब्राउझर उभा राहतो, आणि एखाद्या पानाने खोडसाळपणा केला तरी तो कुंपणाच्या आत अडतो. फायरफॉक्समध्ये मात्र ब्राउझर, सगळी पाने आणि सगळी ॲड-ऑन एकाच प्रोसेसमध्ये. हे वेगळे करायचा प्रकल्प मोझिलाने 2009 मध्ये हाती घेतला, त्याचे नाव इलेक्ट्रॉलिसिस. सामान्य वापरकर्त्यांपर्यंत तो पोचायला ऑगस्ट 2016 उजाडला. मधल्या सात वर्षांच्या विलंबाला कारणे अनेक होती. त्यांतले एक फार मोठे कारण म्हणजे ॲड-ऑन.

जुन्या ॲड-ऑनचा समज असा की पान आपल्या शेजारीच आहे. हात लांबवला की त्यातला मजकूर मिळतो. आता पान कुंपणापलीकडे गेले. मग जुनी ॲड-ऑन मोडू नयेत म्हणून मोझिलाने पलीकडच्या प्रत्येक वस्तूचा एक तोतया अलीकडे उभा केला. ॲड-ऑनने त्या तोतयाला विचारले, ‘पानाचे शीर्षक काय?’ तो पलीकडे निरोप पाठवायचा, उत्तर येईपर्यंत ब्राउझरचा मुख्य भाग थांबून राहायचा, आणि मग उत्तर ॲड-ऑनच्या हातात पडायचे. ॲड-ऑनला काही कळायचेही नाही. पण ज्या कोडने पूर्वी पापणी लवायच्या आत शंभर गोष्टी विचारल्या असत्या, तो आता शंभर वेळा निरोप पाठवून शंभर वेळा थांबायचा. सगळे टिकवण्याच्या खटपटीत सगळे संथ झाले. म्हणून 48 व्या आवृत्तीत ही नवी बांधणी आधी अशा लोकांनाच दिली गेली ज्यांच्याकडे एकही ॲड-ऑन नव्हते.

जुन्या वाड्यात प्रत्येक भिंतीला भाडेकरूंनी आपापल्या सोयीने खुंट्या ठोकाव्यात, फळ्या लावाव्यात, आणि मग मालकाला एकही भिंत हलवता येऊ नये, तशी मोझिलाची स्थिती झाली होती. भाडेकरू प्रेमाने राहत होते, वाड्याची शोभा त्यांनीच वाढवली होती. आणि वाडा मात्र पाडून नव्याने बांधल्याशिवाय टिकणार नव्हता.

ऑगस्ट 2015 मध्ये मोझिलाने जाहीर केले की झूलवर आधारलेली जुनी पद्धत संपवली जाईल. तिच्या जागी वेबएक्स्टेन्शन्स नावाची नवी पद्धत येईल, जी क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे तिथल्या ॲड-ऑनच्या, पद्धतीशी बरीचशी जुळती असेल. योगायोग असा की क्रोमची ती पद्धत घडवणाऱ्यांत ग्रीझमंकीचे बूडमन होते; ते पुढे गूगलमध्ये गेले होते. फायरफॉक्समध्ये त्यांनी अमर्याद मोकळीक पाहिली होती, आणि क्रोमसाठी पद्धत आखताना सीमा आखल्या.

या घोषणेने अनेक ॲड-ऑनचे लेखक दुखावले गेले, आणि त्यांचे दुःख खरे होते. दहा दहा वर्षे, बहुतेकांनी विनामोबदला, रात्री जागून लिहिलेला कोड नव्या जगात चालणारच नव्हता. काहींचे ॲड-ऑन नव्या पद्धतीत बनवणे अशक्य होते, कारण ज्या नसेला ते धरून होते ती नस आता हाताला लागणार नव्हती. फायरफॉक्सचे जुने रूप परत आणणारे क्लासिक थीम रिस्टोअरर असे संपले. कीबोर्डनेच सगळा ब्राउझर चालवू देणारे व्हिम्परेटरही संपले. डाउनलोडचे लाडके डाउनदेमऑल दोन वर्षे गायब झाले आणि पूर्ण नव्याने लिहून 2019 मध्ये परतले, तेही काही जुन्या करामती मागे ठेवून.

तरीही घोषणेपासून जुनी पद्धत बंद होईपर्यंतच्या दोन वर्षांच्या आखणीत काही गोष्टी फार समंजस होत्या. क्रोमकडे नसलेल्या सोयी मोझिलाने नव्या पद्धतीत मुद्दाम घातल्या: बाजूची पट्टी, आणि एकाच ब्राउझरमध्ये कामाची आणि घरची ओळख वेगवेगळी ठेवणारे कंटेनर. कुणाला नवी सोय हवी असेल तर ती प्रयोग म्हणून आधी लिहून दाखवायची वाटही ठेवली. सर्वांत कल्पक होता तो पुलाचा उपाय. ॲड-ऑन नव्याने लिहिले तर वापरकर्त्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या जुन्या सेटिंगचे काय? म्हणून 51 व्या आवृत्तीपासून एका जुन्या ॲड-ऑनच्या पोटात नवे ॲड-ऑन ठेवता येऊ लागले. जुने आपली साठवण नव्याच्या हाती सोपवायचे, आणि पुढच्या अपडेटमध्ये जुने कवच काढून टाकले जायचे. वापरकर्त्याला एकही सेटिंग पुन्हा भरावे लागायचे नाही. नोस्क्रिप्टने ही वाट चोखाळली.

14 नोव्हेंबर 2017 रोजी फायरफॉक्स 57 आला, क्वांटम या नावाने. जुनी ॲड-ऑन त्या दिवशी बंद झाली. त्याच आवृत्तीत पानाची सजावट ठरवणारे इंजिन रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेले होते, आणि ते प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांवर एकाच वेळी काम करू शकत होते. फरक कुणालाही जाणवावा इतका होता. ब्राउझरच्या आतल्या नसा मोकळ्या झाल्यामुळे अभियंत्यांना त्या पुन्हा हव्या तशा बदलता येऊ लागल्या. माझ्या मते निर्णय योग्य होता, आणि तो आणखी काही वर्षे आधी घेतला असता तर कमी कोड वाया गेला असता.

नव्या पद्धतीत ॲड-ऑन पानाला हात लावते ते कसे, हे मला सगळ्यात अद्भुत वाटते. ॲड-ऑनचा जो भाग पानात शिरतो तो पानातली रचना पाहू शकतो, मजकूर बदलू शकतो, बटण रंगवू शकतो. पण पानाच्या स्वतःच्या स्क्रिप्टने तयार केलेली नावे, आकडे, आज्ञा त्याला दिसत नाहीत, आणि त्याचे काही पानाला दिसत नाही. दोन प्रोग्राम एकाच पानावर काम करताहेत आणि एकमेकांना अदृश्य आहेत. फायरफॉक्स त्याही पुढे जातो. समजा, एखाद्या लबाड पानाने ‘मजकूर वाचा’ या साध्या आज्ञेचा अर्थच बदलून ठेवला, म्हणजे वाचायला गेलेल्याला खोटे उत्तर मिळेल. फायरफॉक्स ॲड-ऑनला अशी दृष्टी देतो की पानाने केलेले हे बदल तिच्या आड येत नाहीत. ॲड-ऑनला ब्राउझरची मूळ, अस्सल आज्ञाच मिळते. अभियंते याला एक्स-रे दृष्टी म्हणतात. पानाने कितीही सोंग घेतले तरी आतला सांगाडा दिसतो.

जाहिराती अडवणाऱ्या ॲड-ऑनचे काम पानात शिरण्याच्याही आधी सुरू होते. पान उघडले की ब्राउझर डझनावारी, कधी शेकड्यांनी विनंत्या पाठवतो: हे चित्र द्या, ही स्क्रिप्ट द्या, हा माग ठेवणारा ठिपका द्या. प्रत्येक विनंती निघण्याआधी फायरफॉक्स तिला उंबऱ्यावर थांबवतो आणि ॲड-ऑनला विचारतो, जाऊ देऊ का? रेमंड हिल यांचे यूब्लॉक ओरिजिन हे 2014 पासूनचे ॲड-ऑन त्या क्षणी आपल्या हजारो नियमांतून विनंतीचा पत्ता चाळून उत्तर देते, आणि हे इतक्या झपाट्याने की जाहिरात न आल्यामुळे पान उलट लवकर उघडते.

याच उंबऱ्यावरून गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा मतभेद झाला. गूगलने ॲड-ऑनची नियमावली बदलली. मॅनिफेस्टची, म्हणजे प्रत्येक ॲड-ऑनसोबत येणाऱ्या माहितीच्या फाइलची, तिसरी आवृत्ती म्हणून ती ओळखली जाते आणि जानेवारी 2021 मध्ये क्रोमच्या 88 व्या आवृत्तीपासून लागू होऊ लागली. तिच्यात विनंती थांबवून ॲड-ऑनला विचारण्याची पद्धत सर्वसामान्य ॲड-ऑनसाठी काढून टाकली. त्याऐवजी ॲड-ऑनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची, निवाडा ब्राउझर करणार. गूगलचा युक्तिवाद पोकळ नव्हता: विनंत्या दिसल्याच नाहीत तर त्यांची चोरी करणे ॲड-ऑनला कठीण जाते, आणि ब्राउझरला ॲड-ऑनच्या उत्तरासाठी खोळंबावे लागत नाही. पण यादी लिहून देणे आणि समोर आलेल्या प्रसंगाला पाहून निर्णय घेणे यात फरक आहे. जाहिरातवाले रोज नवी युक्ती काढतात. प्रसंगानुसार ठरवण्याची ताकद गेली की अडवणाऱ्याचा एक हात बांधला जातो. मोझिलाने नवी नियमावली स्वीकारली, पण विनंती थांबवून विचारण्याची सोय ठेवली. यादीची वाटही खुली, विचारण्याचीही. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी आणि सर्वांत मोठा ब्राउझर एकाच छपराखाली असताना दुसरा कुणीतरी हा उंबरा राखतो आहे.

मात्र ताकद ठेवली की विश्वासाचा प्रश्न परत येतोच. क्रोमवर द ग्रेट सस्पेंडर नावाचे लोकप्रिय एक्स्टेन्शन होते. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचे. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कुणाला सोपवले. नव्या मालकाच्या हातात त्यात संशयास्पद कोड आला, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून लोकांच्या ब्राउझरमध्येच बंद केले. वापरकर्त्यांनी काहीच नवे घेतले नव्हते. वर्षांपूर्वी ज्याला परवानगी दिली ते नाव तेच होते, त्यामागचा माणूस बदलला होता. कोड तपासणारे कितीही हुशार असोत, ही वाट पूर्ण बुजवणे फार अवघड आहे.

मोझिलाचा यावरचा एक उपाय म्हणजे डिजिटल सही. ऑगस्ट 2016 पासून मोझिलाची सही नसलेले ॲड-ऑन नेहमीच्या फायरफॉक्समध्ये चालत नाही. सहीची एक साखळी असते: सर्वांत वर मूळ प्रमाणपत्र, त्याखाली मधले प्रमाणपत्र, आणि त्या मधल्याने प्रत्येक ॲड-ऑनला दिलेली सही. 4 मे 2019 रोजी, भारतात शनिवारची सकाळ उजाडत असताना, मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली.

जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन मावळू लागली. एकदम नव्हे, कारण प्रत्येक ब्राउझर साधारण चोवीस तासांत एकदा सह्या तपासतो. ज्याची तपासणीची वेळ येईल त्याची ॲड-ऑन बंद. टॉर ब्राउझरमधले नोस्क्रिप्टही बंद पडले, आणि टॉर वापरणाऱ्यांत असे लोक असतात ज्यांच्यासाठी हा पहारा जिवाचा प्रश्न असू शकतो. मोझिलाच्या लोकांनी प्रथम ज्यांची तपासणी अजून व्हायची होती त्यांची तपासणी पुढे ढकलली. मग प्रश्न मुख्य दुरुस्तीचा. 15,000 हून अधिक ॲड-ऑनवर पुन्हा सह्या करून त्या घरोघर पाठवायला फार वेळ लागला असता. त्यांनी दुसरी युक्ती काढली: त्याच नावाचे, त्याच किल्लीचे, फक्त नव्या मुदतीचे मधले प्रमाणपत्र बनवायचे. म्हणजे जुन्या सगळ्या सह्या आपोआप पुन्हा खऱ्या ठरतील. पण ते बनवायला मूळ प्रमाणपत्राची किल्ली लागते, आणि ती सुरक्षेसाठी इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रात, कुलुपाआड ठेवलेली. एका अभियंत्याला गाडी काढून तिथे जावे लागले.

नवे प्रमाणपत्र लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोचवले ते कशाने? एका ॲड-ऑनने. प्रयोगांसाठी मोझिलाची जी यंत्रणा होती तिच्यामार्फत एक छोटे ॲड-ऑन पाठवले गेले, आणि त्याने नवे प्रमाणपत्र आत बसवले. सुमारे बारा तासांच्या आत दुरुस्ती लोकांकडे पोचू लागली होती. त्यात एक अडचण उरली. ती प्रयोगांची यंत्रणा वापरकर्त्याच्या वापराची माहिती मोझिलाकडे पाठवण्याच्या परवानगीशी जोडलेली होती, आणि ज्यांनी ही परवानगी बंद ठेवली होती अशांनाही दुरुस्ती मिळावी म्हणून ती चालू करावी लागली. म्हणून मोझिलाने 4 ते 11 मे या आठवड्यात सगळ्याच वापरकर्त्यांकडून आलेली ती माहिती पुसून टाकली. नाइलाजाने दिलेला होकार हा होकार नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मानणाऱ्या संस्था थोड्या आहेत.

मोबाइलची कथा वेगळीच. 2020 मध्ये अँड्रॉइडचा फायरफॉक्स नव्याने बांधला तेव्हा त्यात मोजकीच ॲड-ऑन ठेवली होती. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की ते पार्श्वभूमीत चाललेले काहीही, कोणत्याही क्षणी, न विचारता बंद करते. सदैव जागे राहायला सांगितलेले ॲड-ऑन तिथे तगणार कसे? त्यासाठी ॲड-ऑनच्या पार्श्वभूमीतल्या भागाची कल्पनाच बदलावी लागली. काम नसले की तो मिटायचा, घटना घडली की पुन्हा जागा व्हायचा, आणि मधल्या काळातले जे आठवायला हवे ते आधीच लिहून ठेवायचा. लेखकांनी आपली ॲड-ऑन या शिस्तीत बसवल्यावर डिसेंबर 2023 मध्ये मोबाइलचे दार सर्वांसाठी उघडले आणि 400 हून अधिक नवी ॲड-ऑन आत आली.

2021 च्या जूनमध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून एक गट स्थापला. एकदा लिहिलेले ॲड-ऑन सगळ्या ब्राउझरमध्ये चालावे, यासाठी तिथे एकेका आज्ञेवर खल होतो. फायरफॉक्सने 3 नोव्हेंबर 2025 पासून आणखी एक अट घातली आहे: नव्या ॲड-ऑनने आपण वापरकर्त्याची कोणती माहिती गोळा करतो किंवा बाहेर पाठवतो ते आपल्या मॅनिफेस्टमध्येच लिहून द्यायचे, काही गोळा करत नसेल तर तसेही लिहायचे, आणि ते वापरकर्त्याला घेतानाच दिसणार.

हे मॅनिफेस्ट कुणालाही वाचता येते. फायरफॉक्सचे ॲड-ऑन म्हणजे साधी झिप फाइल असते, शेवटी फक्त वेगळे नाव लावलेले. ती उतरवून घ्या, शेवटी झिप लिहा आणि उघडा. आत मॅनिफेस्ट नावाची एक मजकुराची फाइल सापडेल. तिच्यात परवानग्यांची यादी असते: कोणत्या संकेतस्थळांवर हात पोचतो, टॅब दिसतात का, विनंत्या अडवता येतात का. हवामान दाखवणाऱ्या एखाद्या ॲड-ऑनने तिथे सगळ्या संकेतस्थळांचा हक्क मागितलेला दिसला, तर ते काढून टाकायला वाट पाहू नका.